मामाची बाजू

माझ्या मामाची आयुष्यभरात एकूण तीन मतं होती. टेकडीवरच्या बंगल्यांना आणि खालच्या वस्तीला पाणी सारख्याच जोराने मिळावं, हे एक. चालता पंप भंगारात काढू नये, हे दुसरं. आणि पंपहाऊस आपलं आहे, ते कुणा बाहेरच्या कंपनीच्या घशात घालू नये, हे तिसरं. याखेरीज जगाच्या भल्याबुऱ्याबद्दल काही विचारलं तर तो म्हणायचा, "मला त्यातलं कळत नाही," आणि त्याला खरंच कळत नसे. पण एवढ्याशा भांडवलावर लोकांनी त्याला आधी डावा ठरवला, मग उजवा, मग पुन्हा डावा, आणि शेवटी एकाच बैठकीत एका दमात दोन्ही. ती बैठक मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

मामा पंपहाऊसमध्ये फिटर होता आणि मी तिथेच प्रयोगशाळेत पाणी तपासते. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक बेसिन, काचेच्या नळ्या आणि जेवणघराकडे उघडणारी एक खिडकी. आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना बाजू नसते असं सगळे धरून चालतात, कारण आम्ही क्लोरीनच्या वासात जेवतो आणि आमच्या शेजारी येऊन बसायची कुणाची छाती होत नाही. त्यामुळे खिडकीतून बघत बसणं एवढंच माझं राजकारण.

जेवणघरात दोन लांब लोखंडी टेबलं होती. दारातून शिरलं की डावीकडे खिडकीजवळचं, उजवीकडे हात धुवायच्या नळाजवळचं. कधी कुणी ठरवलं देव जाणे, पण डाव्या पक्षाची माणसं डाव्या टेबलावर बसत आणि उजव्यांची उजव्या. मागच्या दाराने झाडायला येणारी बाई म्हणायची, "माझ्याकडून बघाल तर तुम्ही सगळेच उलटे आहात," पण झाडूवालीचं कोण ऐकतो. नियम एकच होता. मत बदललं तर आपला डबा उचलून सगळ्यांदेखत पलीकडे जायचं, आणि जाताना दोन्ही टेबलांनी चमचे डब्यांवर बडवायचे. जुनं टेबल हिणवण्यासाठी बडवायचं, नवं स्वागतासाठी. आवाज अर्थातच एकच. पंपांच्या घरघरीत कुणाचं बोलणं धड ऐकू जात नाही, त्यामुळे आमच्याकडची बरीचशी वैचारिक चर्चा चमच्यांनीच होत आली आहे.

मामा कामावर लागला त्या दिवशी डबा घेऊन दारात उभा राहिला. मीटर वाचणाऱ्या एका तरुणाने त्याला हटकलं. या माणसाला पुढे सगळे 'ठराव' म्हणायला लागले, कारण चहा सांगायचा असला तरी तो आधी ठराव मांडायचा. ठरावने विचारलं, "टेकडीवर पाणी धो धो आणि खालच्या वस्तीत करंगळीएवढी धार, हे बरोबर आहे का?"

"नाही," मामा म्हणाला.

"मग इकडे बस."

झाला मामा डावा. संध्याकाळी घरी येऊन त्याने आजीला सांगितलं, "मी डावा आहे म्हणे." आजी म्हणाली, "लिहितोस तर उजव्या हाताने," आणि आमच्या घरात या विषयावरची चर्चा तेवढ्यावर संपली.

त्याच सुमारास त्याचा जिवलग मित्रही कामाला लागला. दोघं शेजारशेजारच्या घरांत वाढलेले, एकाच वर्गात नापास झालेले. हा वेल्डर, म्हणून मी त्यांना वेल्डरकाका म्हणते. वेल्डरकाका सरळ उजव्या टेबलावर गेले, कारण त्यांचे वडील उजवे, चुलते उजवे आणि आजोबांना विचारायची सोय नव्हती. त्यांना मतं अशी नव्हतीच, त्यांना पक्ष होता. पक्षाने उद्या सांगितलं असतं की पाणी खालून वर वाहतं, तर ते म्हणाले असते, "वाहत असेल." आणि पंपहाऊसमध्ये ते खरोखरच वाहतं, ही त्यांची जमेची बाजू.

दोघं सकाळी बरोबर यायचे. दुपारी दोन टेबलांवरून एकमेकांच्या पक्षांचा उद्धार करायचे आणि संध्याकाळी बरोबर घरी जायचे. रस्त्यात राजकारणाचं अवाक्षर काढायचं नाही असा त्यांचा न बोलता झालेला करार होता. रस्त्यात ते काय बोलायचे असं मी एकदा मामाला विचारलं. तो बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "काही नाही. चालायचो."

मग डावे नगरपालिकेत निवडून आले. सत्ता आली की माणसाला काहीतरी नवं करायची खुमखुमी येते, तशी त्यांना आली. पंपहाऊसमधला सगळ्यात जुना पंप, ज्याला सगळे 'म्हातारी' म्हणत, तो भंगारात काढून नवा आणायचा असा ठरावने ठराव मांडला.

"पण म्हातारी चालते," मामा म्हणाला.

"प्रश्न चालण्याचा नाही, प्रगतीचा आहे. तुम्ही जुन्याला चिकटून बसता फिटर, हे उजवेपण झालं."

"मी लागलो तेव्हाही हेच म्हणत होतो."

"तेव्हा ती एवढी जुनी नव्हती."

मामाने डबा उचलला. चमचे वाजले. पलीकडे उजव्या टेबलाचा म्होरक्या उठून उभा राहिला होता. हा आमचा भांडारपाल, आणि याला म्हणायचे 'परंपरा'. साधा एक नट मागायला गेलं तरी तो नटाबरोबर पूर्वजांनी तो कसा जपला हे सांगून मगच हातावर ठेवायचा. त्याने मामाला मिठीच मारली. "वारशाची कदर असलेला माणूस शेवटी आपल्या घरी आला," तो म्हणाला. मामा म्हणाला, "मी म्हातारीबद्दल बोलत होतो," पण ते चमच्यांत बुडालं.

ते दिवस मामाच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. वेल्डरकाकांच्या शेजारी बसून जेवायला मिळत होतं. मामी सांगते, त्या दिवसांत हा डब्यात जरा जास्तच घालायला लावायचा. "भूक वाढलीय का?" तर म्हणे, "नाही, त्याला वांग्याचं आवडतं." आपल्याला काय आवडतं हे त्याने मामीला लग्न झाल्यापासून एकदाही सांगितलेलं नव्हतं.

पण सुखाला दृष्ट लागते. टेकडीवर एक मोठं हॉटेल झालं आणि परंपराने जेवताना विषय काढला, की जे लोक नियमाने कर भरतात त्यांना पाणी जास्त जोराने देण्यात गैर काय? सगळ्यांनी माना डोलावल्या. मामाने डोलावली नाही.

"खालच्यांना का कमी?" त्याने विचारलं.

परंपराचा घास हातातच राहिला. "अहो, हा तर डावा आहे," तो टेबलाला उद्देशून म्हणाला, जणू काही मामाच्या डब्यात पाल सापडली. मामाने पुन्हा डबा उचलला. वेल्डरकाकांनीही चमचा वाजवला, नियम म्हणजे नियम. पण मी खिडकीतून पाहिलं, ते डब्यावर न मारता बाकाच्या लाकडी कडेवर मारत होते, तिथे आवाज येत नाही.

दरम्यान डाव्यांचा नवा पंप वर्षभरातच बंद पडला होता आणि भंगारात जायची राहिलेली म्हातारीच शहराला पाणी पाजत होती. याबद्दल मामाची कुणी माफी मागितली असेल तर शपथ. उलट ठरावने 'जनतेच्या जुन्या पंपाचं रक्षण' असा ठराव आणला, त्याला मामाने हात वर केला आणि मामा पुन्हा डावा झाला. आई म्हणाली, "तुझं हे म्हणजे ये रे माझ्या मागल्या." मामा म्हणाला, "मी कुठे गेलो होतो?"

राहिलं तिसरं मत. बाहेरच्या कंपनीला पंपहाऊस द्यायला डाव्यांचा पहिल्यापासून कडाडून विरोध होता. ते निवडून आल्यावर मात्र त्यांना त्या कंपनीत भागीदार दिसायला लागला, आणि उजव्यांना ती एकाएकी परकी वाटू लागली. पुढच्या वेळी उजवे आले, तशी परकी कंपनी पाहुणी झाली आणि डाव्यांना परत लूट आठवली. म्हणजे खुर्चीत बसलं की कंपनी गोड आणि खाली उतरलं की कडू. मामाला ती सदासर्वकाळ कडूच लागली, त्यामुळे काही वर्षं तो कुणाचा तरी होता आणि काही वर्षं कुणाचा तरी नव्हता. चाललं होतं.

मग एका निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, आणि दोन्ही पक्षांनी एकत्र येऊन सत्ता घेतली. ज्यांनी एकमेकांची सात पिढ्यांची लक्तरं काढली होती ते एका फोटोत एकाच हाराखाली उभे राहिले. जेवणघरातही समेट झाला. ठरावने एक टेबल ढकललं, परंपराने दुसरं, आणि मधे एकच लांबलचक टेबल तयार झालं. नुसतं जोडून समाधान होईना, म्हणून वेल्डरकाकांना बोलावून दोन्ही टेबलांना सांधा मारून घेतला. वेल्डरकाका म्हणाले, "परत वेगळं करायचं झालं तर कापावं लागेल हं." परंपरा म्हणाला, "ती वेळ येणार नाही." त्या दिवशी चमचे इतके वाजले की मला माझ्या काचेच्या नळ्या धरून ठेवाव्या लागल्या.

आता दोघंही खुर्चीत, तेव्हा कंपनी दोघांनाही गोड. अडचण एकच होती. पंपहाऊस उभं राहिलं तेव्हापासूनचा नियम असा, की ते दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं तर कामगार समितीतल्या प्रत्येकाचा हात वर हवा. एक हात कमी पडला तर विषय बंद. समितीत ठराव होता, परंपरा होता, वेल्डरकाका होते, आणखी दोघं-तिघं होते आणि मामा होता.

आणि कंपनीचा माणूस येऊन, चहा पिऊन, हसून सांगून गेला होता की ते आल्यावर फुटलेला पाइप सांधत बसणार नाहीत, सरळ बदलणार. म्हणजे वेल्डिंगचा विभाग पहिल्याच महिन्यात बंद. वेल्डरकाकांचं पेन्शन अगदी हाताशी आलं होतं, पण हातात नव्हतं. काकूंचे गुडघे गेलेले, धाकटी मुलगी अजून शिकत होती. हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यात जास्त वेल्डरकाकांना.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ते मामाकडे आले. मी मामीकडून शिवणाची कात्री न्यायला गेले होते, ती हातात घेऊन तशीच बसून राहिले. काकांनी मामीने दिलेला चहा बशीत ओतला आणि प्यायले नाहीत.

"उद्या हात वर कर," ते म्हणाले.

मामाने बशी त्यांच्याकडे सरकवली.

"मी वर करणार आहे. पक्षाने सांगितलंय. आणि मी त्यांना शब्द दिलाय की फिटरला मी समजावतो, तो माझं ऐकतो. सगळ्यांसमोर दिलाय."

"कशाला दिलास?"

"मला वाटलं, ऐकतोस."

मामा म्हणाला, "अरे, तुझा विभाग बंद होणार आहे."

"माझं मी बघीन. इतकी वर्षं पक्षाने जे सांगितलं ते केलं. आता माझ्या पोटावर आलं म्हणून हात खाली ठेवू? लोक म्हणतील, इतके दिवस याचं इमान फुकटचं होतं म्हणून होतं." ते उठले. दारात चपला घालताना मामाकडे न बघता म्हणाले, "माझ्यासाठी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे. हे मागतोय. नाही केलंस तर उद्यापासून आपलं बोलणं बंद."

ते गेल्यावर मामी म्हणाली, "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा आणि वर म्हणायचं, धोंडा उचलायला हात लाव." मला हसू आलं. मामाला आलं नाही. तो बशीतल्या चहाकडे बघत बसला होता.

बैठक जोडलेल्या टेबलावरच झाली. कंपनीच्या माणसाने आधीच एक सुंदर पेन काढून ठेवलं होतं. पंपांमुळे काही ऐकू येत नाही, म्हणून मत हातानेच. परंपराने विषय मांडला, ठरावने अनुमोदन दिलं आणि हात वर गेले. वेल्डरकाकांचा सगळ्यांत आधी, सगळ्यांत उंच. आणि ते मामाकडे बघत होते. मी खिडकीला नाक लावून उभी होते आणि मला अगदी मनापासून वाटत होतं की मामाने हात वर करावा आणि करू नये.

मामाने दोन्ही हात टेबलाखाली, मांडीवर ठेवले होते.

"फिटर," ठराव ओरडला.

मामाने नाही म्हणून मान हलवली.

यानंतर जे झालं ते मी शेजारणींना अजून सांगते. ठराव उठून उभा राहिला, बोट मामाकडे करून म्हणाला, "हा माणूस अतिउजवा आहे." त्याच क्षणी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला परंपरा उभा राहिला आणि म्हणाला, "हा माणूस अतिडावा आहे." मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. युतीतला पहिला मतभेद तो असावा. कंपनीचा माणूस पेनाचं टोपण काढून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. थोडी खलबतं झाली आणि 'फिटर आडमुठा आहे' यावर एकमत होऊन तसं इतिवृत्तात लिहिलं गेलं. त्याला सगळ्यांनी हात वर केले. मामानेही केला, म्हणाला, "हे बरोबर आहे."

पण विषय बंद झाला तो झालाच. वेल्डरकाकांचा हात सगळ्यांचे खाली आल्यावरही वरच होता. शेवटी शेजारच्याने तो धरून खाली घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मामाला टेबलावर जागा उरली नाही. कुणी तसं म्हटलं नाही, फक्त तो जिथे डबा ठेवायला जाई तिथे आधीच कुणाचा तरी डबा असे. एकच टेबल असलं की पलीकडे तरी कुठे जाणार? तो डबा घेऊन बाहेर गेला आणि मोठ्या व्हॉल्व्हच्या कठड्यावर बसून जेवायला लागला. मी म्हटलं प्रयोगशाळेत ये, तर म्हणाला, "तुझ्या क्लोरीनने अन्नाची चव जाते."

वेल्डरकाका बोलत नव्हते. दोघं येत-जात होते त्याच रस्त्याने आणि त्याच वेळी, पण एक या कडेने आणि एक त्या कडेने, मधे वाहनं. मला इतका संताप आला म्हणून सांगू. ज्या माणसाची नोकरी वाचवली तोच तोंड फिरवून चालतो, आणि हा आमचा मामा त्याची चाल मंदावली की आपलीही मंद करतो. एका दुपारी मी कठड्यावर त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय मिळवलंस?" मी म्हटलं. "टेबल गेलं, मित्र गेला. एक मत राहिलं. ते घेऊन बस आता."

मामाने डब्याचं झाकण लावलं. "मी हात वर केला असता तर तो घरी बसला असता. आता बोलत नाही. पण येतो ना रोज? समोरून येताना दिसतो."

"म्हणजे पंपहाऊस आपलं आहे म्हणून नव्हे?"

"ते आहेच." तो जरा ओशाळला. "पण खरं सांगू? हात मांडीवर होते ना, तेव्हा मताची आठवणच झाली नाही."

मला रडू आलं. मी प्रयोगशाळेत गेले आणि बेसिनचा नळ सोडला.

त्यानंतर काही दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, मी खिडकीपाशी नळ्या धूत होते. वेल्डरकाका टेबलावरून उठले. नुसते नाही, डबा घेऊन उठले. पलीकडे टेबल नाही, मग हा डबा घेऊन चालला कुठे, हे कुणाच्या लक्षात येईना. एकाने सवयीने चमचा वाजवायला घेतला आणि स्वागताचा की हिणवण्याचा ते न कळल्यामुळे खाली ठेवला. काका दारातून बाहेर गेले आणि कठड्यापाशी उभे राहिले. माझी दुसरी खिडकी त्या बाजूला आहे. मी तिकडे धावले, ओल्या हातांनी.

"मी हात वर केला होता," काका म्हणाले.

"पाहिला," मामा म्हणाला.

"तो विषय परत आला तर परत करीन."

"कर."

"तू मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंस."

"पाडलं."

"मी अजून पक्षातच आहे. हे आधीच सांगतोय."

"बरं."

काका डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "आत जागा नाही बसायला."

मी मागे वळून जेवणघरात पाहिलं. ते एवढं लांबलचक टेबल, निम्मे लोक सुट्टीवर, आणि अर्धा बाक रिकामा पडला होता.

मामानेही उघड्या दारातून तो पाहिला. पाहिला आणि म्हणाला, "हो, गर्दी असते आत," आणि कठड्यावर जरा सरकून बसला.